विषाणू कसा पसरतो हे ठरायच्या आधी काय करायचं

नवा श्वसनविषाणू आला की पहिले काही आठवडे एकाच प्रश्नावर वाद चालतो: हा हवेतून पसरतो की नाही? एक तज्ज्ञ हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, तिसरा म्हणतो ‘अजून पुरावा नाही’, आणि ऐकणारा बिचारा दाराची कडी पुसत बसतो. या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. श्वसनविषाणूला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक वाट कशी अडवायची हे आधीपासून माहीत आहे. माहीत नसतं ते एवढंच, की कुठल्या वाटेने किती लागण होते.

वाटा तीन. खोकताना, शिंकताना, बोलताना उडालेले मोठे थेंब थेट समोरच्याच्या डोळ्यात, नाकात, तोंडात पडतात. त्याच वेळी बाहेर पडलेले बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. तिसरी वाट हाताची: विषाणू लागलेल्या वस्तूला हात लावला आणि तोच हात डोळ्यांना किंवा नाकाला लावला.

पहिल्या दोन वाटांमधला फरक कणाच्या आकाराचा आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला सुमारे अर्धा तास लागतो आणि १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास. खोलीतली हवा कधीच स्थिर नसते, त्यामुळे बारीक कण प्रत्यक्षात खाली येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते खोलीभर पसरतात आणि हवा बदलेल तेव्हाच जातात. विल्यम वेल्स यांनी १९३४ साली थेंब आणि तरंगते कण यांची विभागणी मांडली तेव्हा सीमारेषा १०० मायक्रॉनच्या आसपास होती. पुढे पाठ्यपुस्तकांत ती ५ मायक्रॉनवर येऊन बसली. ५ मायक्रॉन हा आकडा क्षयाचा कण फुप्फुसात खोलवर पोचण्याशी संबंधित होता, कण खाली पडण्याशी नाही. या एका गल्लतीमुळे ‘५ मायक्रॉनपेक्षा मोठं म्हणजे जमिनीवर पडणारं’ हा समज कित्येक दशकं टिकला.

बातमीतलं वाक्य कसं वाचायचं

‘हवेतून पसरत असल्याचा पुरावा नाही’ आणि ‘हवेतून पसरत नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं वाक्य नव्या विषाणूबद्दल पहिल्या महिन्यात जवळजवळ नेहमीच खरं असतं, कारण कुणी तपासलेलंच नसतं. कोविडच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी हा आजार हवेतून पसरत नाही, असं ठामपणे जाहीर केलं. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेलं पत्र प्रसिद्ध झालं, हवेतल्या संसर्गाकडे लक्ष द्या म्हणून. संघटनेच्या सार्वजनिक माहितीत कमी-अधिक अंतरावर श्वासावाटे लागण होते हे स्पष्टपणे यायला ३० एप्रिल २०२१ उजाडला, आणि शब्दांचा घोळ मिटवण्यासाठी नवी परिभाषा आली ती एप्रिल २०२४ मध्ये. तेव्हा ‘नाही’ ऐकलं की विचारायचं: तपासून नाही, की न तपासता नाही?

दुसरा प्रश्न: सापडलं काय? पीसीआर चाचणीत विषाणूचा जनुकीय अंश सापडतो. तो विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती चाचणी सांगत नाही. डायमंड प्रिन्सेस जहाजावरच्या केबिन रिकाम्या झाल्यावर १७ दिवसांनीही तिथे कोरोना विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय अंश, सापडला होता. बातमी अशी पसरली की विषाणू १७ दिवस जगतो. सापडले होते ते अवशेष. लागण करू शकणारा विषाणू आहे का, हे प्रयोगशाळेत पेशींवर वाढवूनच कळतं. हाच नियम हवेच्या नमुन्यालाही लावायचा: हवेत आरएनए सापडला एवढ्यावर हवेतून लागण सिद्ध होत नाही. मात्र हवेतून जिवंत विषाणू पकडणं अवघडही आहे, कारण नमुना ओढणाऱ्या यंत्रातच तो बऱ्याचदा मरतो. म्हणजे ‘जिवंत विषाणू मिळाला नाही’ हाही शेवटचा शब्द नव्हे.

तिसरी आणि सगळ्यांत फसवी गोष्ट अंतराची. ‘जवळच्यांनाच लागण होते, म्हणजे थेंबांमुळे होते’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चुकीचा आहे. बारीक कणही तोंडाजवळच सर्वांत दाट असतात. सिगारेट ओढणाऱ्याच्या शेजारी धूर जास्त आणि खोलीच्या टोकाला कमी, तसंच हे. जवळ धोका जास्त असणं दोन्ही वाटांशी जुळतं, त्यामुळे त्यावरून कुठलीच वाट सिद्ध होत नाही. बारीक कणांचा पुरावा मिळतो तो वेगळ्या खुणांनी: दूर बसलेल्यांनाही लागण, बंद खोलीत खूप आणि उघड्यावर फार कमी, जास्त वेळ थांबलेल्यांना जास्त, एकाच माणसापासून एका बैठकीत अनेकांना. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ जणांपैकी ५३ जण आजारी ठरले, त्यांपैकी ३३ चाचणीने निश्चित आणि २० संभाव्य. गाणं, बंद दालन, लांब वेळ: अशी घटना नुसत्या थेंबांच्या हिशेबात बसत नाही.

आपल्याला लागण कुठे झाली याचा अंदाज बांधताना बहुतेक लोक आदल्या दिवशी शिंकलेल्या माणसाला पकडतात. आधी लागण ते लक्षणं हा काळ बघा. फ्लूमध्ये तो १ ते ४ दिवस, आरएसव्ही या श्वसनविषाणूमध्ये बहुधा ४ ते ६ दिवस असतो. गोवराचा पुरळ यायला साधारण दोन आठवडे लागतात. नव्या विषाणूचा हा आकडा सुरुवातीच्या काही आठवड्यांत बऱ्यापैकी नक्की होतो, पसरण्याच्या वाटेच्या कितीतरी आधी.

सुरुवात हवेपासून

वाट माहीत नसताना आधी हवेकडे बघावं, असं आमचं मत आहे. कारण सोपं आहे: हवा खेळती ठेवण्याने कुणाचं नुकसान होत नाही, नंतर अनावश्यक ठरलं तर खिडकी लावून घेता येते, आणि विषाणू खरंच हवेतून जात असेल तर दुसऱ्या कुठल्याही स्वच्छतेने ही उणीव भरून निघत नाही.

एकच खिडकी उघडण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन थोड्या थोड्या उघडा. हवेला आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट मिळाली तरच प्रवाह होतो. खोलीला एकच खिडकी असेल तर तीत स्टँडचा पंखा बाहेर तोंड करून ठेवा आणि दार किलकिलं ठेवा. पंख्याभोवतीची मोकळी फट पुठ्ठ्याने बंद करा. नाहीतर बाहेर ढकललेली हवा त्याच फटीतून परत आत येते आणि पंखा नुसता गरगरत राहतो.

छताचा पंखा हवा बदलत नाही, फिरवतो. त्याने तोंडाजवळचा दाट लोट पांगतो, पण खोलीतले एकूण कण तेवढेच राहतात. बहुतेक स्प्लिट एसींचं तसंच: खोलीतलीच हवा थंड करून परत देतात आणि आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे परिस्थिती आणखी बिघडते. एसी लावायचाच असेल तर एक तावदान चार बोटं उघडं ठेवा. वीज थोडी जास्त जाईल.

हवा किती बदलते हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा मीटर उपयोगी. विकत घेताना एनडीआयआर संवेदक, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा, आहे का ते बघा. काही स्वस्त मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. दुसऱ्या वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात आणि जवळ सॅनिटायझर उघडलं तरी उडी मारतात. घरी आणल्यावर आधी उघड्यावर ठेवून बघा: सुमारे ४२० ते ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दिसायला हवं. मग खोलीत कुणाच्या तोंडापासून आणि खिडकीपासून दूर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. माणसं भरलेल्या खोलीत ८०० च्या आसपास आकडा राहिला तर हवा चांगली. हजाराच्या वर जाऊ लागला तर आणखी एक खिडकी उघडायची. १५०० च्या वर गेला तर एक तर माणसं कमी करा, नाहीतर बैठक आटोपती घ्या. ८०० पीपीएम म्हणजे तुमच्या दर शंभर श्वासांतला साधारण एक श्वास दुसऱ्यांनी सोडलेल्या हवेचा. बैठक सुरू होऊन दहाच मिनिटं झाली असतील तर कमी आकड्यावर विश्वास ठेवू नका. कोंदट खोलीत तो तास-दोन तास चढतच राहतो.

याच मीटरने तासाला हवा किती वेळा बदलते हेही काढता येतं. समजा, बैठक संपली तेव्हा मीटरवर १६२० आहे आणि बाहेर ४२०. म्हणजे जादा १२००. सगळे बाहेर पडले, खिडक्या-दारं बैठकीच्या वेळी होती तशीच ठेवली, हवा मिसळावी म्हणून पंखा चालू. आता जादा आकडा ३७ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ४४० वर कधी येतो ते बघायचं; तेवढा वेळ म्हणजे हवा एकदा बदलण्याचा वेळ. मीटरवर तेव्हा ८६० दिसेल. त्याला ४० मिनिटं लागली, तर तासाला दीड वेळा हवा बदलते. हे कमी आहे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने मे २०२३ मध्ये तासाला किमान पाच वेळा स्वच्छ हवेचं उद्दिष्ट दिलं. दीड वेळेच्या हिशेबाने हवेतले ९९ टक्के कण जायला तीन तास लागतात. तासाला सहा वेळा बदलली तर पाऊण तास.

मीटरला मर्यादा आहेत. शेगडी पेटली की आकडा वाढतो आणि विषाणूशी त्याचा काही संबंध नसतो. रिकाम्या दालनात एकच आजारी माणूस असेल तर आकडा कमी दिसतो, पण त्याच्याशी समोरासमोर बोलणाऱ्याचा धोका तसाच राहतो. आणि फिल्टर लावला तर कण कमी होतात, कार्बन डायऑक्साइड मात्र तेवढाच.

फिल्टर

बाहेरची हवा आणणं शक्य नसेल तर आतलीच गाळायची. एअर प्युरिफायर घेताना ‘किती चौरस फुटांच्या खोलीसाठी’ हा छापील दावा बाजूला ठेवा आणि सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा. खोली ४ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल तर घनफळ ४२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची म्हणजे २१० घनमीटर दर तासाला. पण छापलेला सीएडीआर बहुधा सर्वांत जास्त वेगावरचा असतो. त्या वेगावर यंत्र घोंघावतं, लोक वैतागून ते हळू करतात आणि सीएडीआर निम्म्याखालीही येतो. म्हणून गरजेच्या दीड-दोनपट क्षमतेचं घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. सोफ्यामागे किंवा पडद्याला चिकटून ठेवू नका. यंत्रात आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी सोय) असेल तर तो बंद करा आणि ओझोन सोडणारं यंत्र घरातच आणू नका. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो.

टेबलावर लावलेले प्लॅस्टिकचे पडदे समोरून उडणारे थेंब अडवतात, तरंगते कण मात्र वळसा घालून जातात. भरपूर पडदे लावलेल्या वर्गात तर हवा कोंडते. ते काढून टाकले तरी चालतील.

मास्क

वाट माहीत नसेल तर एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क घ्यावा, कारण तो थेंब आणि बारीक कण दोन्ही अडवतो. पण सगळं काम बसण्यावर आहे. ९५ टक्के कण गाळणारं कापड गालाजवळ फट असेल तर गाळत नाही; हवा फटीतूनच जाते. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा घट्ट धरतात. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानांखालून मानेवर. एकमेकांवरून ओलांडू द्यायचे नाहीत. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. एका हाताने चिमटलीत तर मध्ये टोक होतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे राहतात.

मग दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर नाकापाशी फट आहे. श्वास घेताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. दाढी असेल तर यातलं काहीच नीट जमत नाही.

हे मास्क धुवायचे नाहीत आणि त्यांवर सॅनिटायझरही मारायचं नाही. त्यांच्या तंतूंवर विद्युतभार असतो, तोच बारीक कण ओढून धरतो; साबणाने आणि अल्कोहोलने तो उतरतो. मास्क दिसायला तसाच राहतो आणि गाळणं घटतं. पुन्हा वापरायचा असेल तर पाच मास्क कागदी पिशव्यांत आलटून पालटून ठेवा, म्हणजे प्रत्येकाला चार दिवस सुकायला मिळतात. पट्टा सैल पडला, मास्क ओला झाला किंवा श्वास जड वाटू लागला की टाकून द्या. झडपेचा मास्क घालणाऱ्याचं रक्षण करतो, पण त्याने सोडलेली हवा झडपेतून न गाळता बाहेर पडते. आजारी माणसाने तो घालू नये.

घरात कुणी आजारी पडलं तर

रुग्णाच्या खोलीतली हवा घरात येता कामा नये, घरातली हवा रुग्णाच्या खोलीत गेली तर बिघडत नाही. त्या खोलीच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा, दार बंद ठेवा, दाराखालची फट मोकळी सोडा. नंतर दाराखाली बाहेरच्या बाजूने टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी धरा. पट्टी आत ओढली जात असेल तर ठीक. बाहेर फडफडत असेल तर वारा खिडकीतून आत येतोय आणि रुग्णाची हवा घरभर जातेय. अशा वेळी पंख्याभोवतीच्या फटी बुजवा, त्या खोलीच्या बाकी खिडक्या लावा, आणि उरलेल्या घरातली एखादी खिडकी उघडा. बाथरूममधला एक्झॉस्ट फॅनही रुग्णाच्या हवेला ओढतो. बाथरूम सामायिक असेल तर रुग्ण जाऊन आल्यावर पंखा चालूच ठेवा आणि निदान अर्धा तास थांबा.

खोलीत जायच्या आधी मास्क घाला; आत जाऊन घालण्यात अर्थ नाही. बाहेर पडून दार लावल्यावरच काढा. रुग्णाला धाप लागली, छातीत दुखू लागलं, ओठ निळसर झाले किंवा तो गोंधळल्यासारखा वागू लागला तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

हात आणि पृष्ठभाग

लोकांना सर्वांत जास्त समाधान इथे मिळतं, म्हणून कष्टही इथेच जास्त खर्च होतात. मार्च २०२० मधल्या प्रयोगात कोरोना विषाणू प्लॅस्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरून होता. त्यावरून लोक पार्सलं उन्हात टाकू लागले. प्रयोगात मुद्दाम भरपूर विषाणू टाकलेला असतो आणि तो तासागणिक घटत जातो; शेवटचा कण सापडला म्हणजे तेवढ्याने माणसाला लागण होते असं नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीने दूषित पृष्ठभागाला हात लागण्यातून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं म्हटलं. पुढचा विषाणू तसाच असेल असं गृहीत धरू नका. सर्दीचे काही विषाणू हातांवरून चांगलेच पसरतात.

हात साबणाने २० सेकंद धुवा, अंगठे आणि बोटांची टोकं सुटतात तिथे लक्ष देऊन. सॅनिटायझर घेतलं तर अल्कोहोल किमान ६० टक्के हवं, आणि हात कोरडे होईपर्यंत चोळायला हवेत. ओल्या हाताने पुसून टाकलं की काम अर्धवट राहतं. फ्लू, कोरोना, आरएसव्ही यांच्याभोवती मेदाचं वेष्टण असतं, ते साबणाने आणि अल्कोहोलने फाटतं. ऱ्हायनो आणि अॅडेनो विषाणूंना ते वेष्टण नसतं, त्यांच्यावर अल्कोहोल तितकंसं चालत नाही. विषाणू कुठल्या गटातला हे पहिल्या काही दिवसांतच जाहीर होतं. ते बघून साबणावर भर द्यायचा की सॅनिटायझर पुरे, हे ठरवा.

पुसायचंच असेल तर बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं सोडियम हायपोक्लोराइट २० मिलिलिटर घ्या आणि पाणी घालून १ लिटर करा, हे ०.१ टक्क्याचं द्रावण झालं. आधी मळ साबणाने धुवा, कारण मळ क्लोरीन खाऊन टाकतो. द्रावण लावून निदान मिनिटभर ओलं राहू द्या, लगेच पुसू नका. रोज ताजं करा, आणि अॅसिड, अमोनिया किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू सुटतो. माणसांवर जंतुनाशक फवारणं आणि रस्त्यांवर धूर सोडणं यांतलं काहीही करू नका. पहिल्याने डोळे आणि कातडी जळते, दुसऱ्याचा काही उपयोग नाही.

कधी काय सैल करायचं

उपाय एकदम सोडू नका, माहिती येईल तसे एकेक सोडा. उघड्यावर लागण फारशी होत नसल्याचं वेगवेगळ्या ठिकाणच्या तपासांत दिसलं की बाहेरचा मास्क आधी सोडा. पृष्ठभागावरून जिवंत विषाणू मिळत नसेल आणि केवळ वस्तूंमुळे झालेली लागण कुठेच सापडत नसेल, तर पुसापुशी बंद करून तो वेळ खिडक्यांना द्या. लक्षणं दिसण्याआधीच लागण होत असल्याचं कळलं तर मात्र उलट करावं लागतं: ‘बरं नसेल तर येऊ नका’ ही सूचना तेव्हा पुरत नाही, बरे दिसणारेही एकत्र बसतात त्या खोलीची हवा सुधारावी लागते.

सोसायटीत किंवा शाळेत सूचना लावणार असाल तर तीवर तारीख घाला आणि कशावरून ठरवलं ते एका ओळीत लिहा. ‘सध्या वाट नक्की नाही, म्हणून खिडक्या उघड्या आणि बंद खोलीत मास्क, १५ दिवसांनी फेरविचार’ एवढं पुरतं. पुढच्या सूचनेत जुनं काय रद्द झालं तेही लिहा, आणि जुना कागद फळ्यावरून काढून टाका. तो राहिला तर लोक दोन्ही वाचतात आणि सोयीचा पाळतात.